डुक्कर, गाय आणि अडीच मिलीलीटर

आमच्या रामबागेतल्या मावशीची नात सातव्या महिन्यातच आली, वजन जेमतेम किलोभर, आणि डॉक्टरांनी क्युरोसर्फ (फुफ्फुसातला पृष्ठताण कमी करून ती मिटू न देणारा पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट, त्याचं औषध) द्यायचं म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न हाच की ते डुकराच्या फुफ्फुसातून काढतात म्हणे? हो, काढतात. त्याच प्रकारचं दुसरं औषध सर्वांटा घ्यावं तर ते गायीचं, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मावशी म्हणाली देवाला काय सांगायचं ते मी बघीन, तुम्ही द्या, झालं. किलोभराच्या बाळाला पहिला डोस अडीच मिलीलीटर, नळीतून सरळ फुफ्फुसात.

मी मायक्रोबायोलॉजीवाला, त्यामुळे माझ्या डोक्यात वेगळाच किडा. परक्या प्राण्याचा माल आत गेल्यावर बाळाच्या इम्यून पेशी खवळत कशा नाहीत?

तर एक म्हणजे त्यात परकं फार नसतंच. क्युरोसर्फमध्ये साधारण ९९ टक्के स्निग्ध पदार्थ, त्यातला मुख्य डीपीपीसी नावाचा, तो डुकरात नि आपल्यात अगदी सेम. प्रोटीन उरतात एसपी-बी आणि एसपी-सी, ती थोडीशीच, आणि प्राणी बदलला तरी फारशी बदलत नाहीत. पण खरी मजा पुढे आहे. लॅबमध्ये मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या इम्यून पेशी) सरफॅक्टंट दिलं आणि मग बॅक्टेरियाच्या कवचातलं एलपीएस टाकून चिडवलं, तर त्या दाह वाढवणारं टीएनएफ-अल्फा कमी सोडतात, लिम्फोसाइट या दुसऱ्या इम्यून पेशीसुद्धा कमी वाढतात, म्हणजे औषध पेशींना भडकवत तर नाहीच, उलट थंड करतं. शिवाय फुफ्फुसातले हवेचे फुगे, म्हणजे वायुकोश, उघडे राहिले की दर श्वासाला मिटून फाटणं टळतं, व्हेंटिलेटरचा जोर कमी लागतो, त्यामुळे इजेच्या जागी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची गर्दीही कमी. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी अशा लवकर जन्मलेल्या बाळांच्या फुफ्फुसात सरफॅक्टंटच कमी असतं हे दाखवलं तेव्हा सगळी चर्चा पृष्ठताणाची होती, इम्यून पेशींचं हे प्रकरण नंतर उलगडलं.

आता खटकणारी गोष्ट. आपल्या अस्सल सरफॅक्टंटमध्ये एसपी-ए आणि एसपी-डी ही प्रोटीन पण असतात, ती जंतूंना चिकटून मॅक्रोफेजना खूण पटवतात. औषध बनवताना सॉल्व्हंटने चरबी काढतात त्यात ही दोन्ही निघून जातात, म्हणजे शांत करणारा भाग बाटलीत आला आणि जंतू पकडून देणारा राहून गेला. ज्या बाळाला इन्फेक्शनचीच सगळ्यात जास्त भीती त्याच्या औषधातून नेमकं हेच गायब असावं, हे मला काही पटत नाही, पण श्वास आधी लागतो हेही खरंच. लॅबमध्ये बनवलेलं मानवी एसपी-डी अशा बाळांना देऊन बघायच्या ट्रायल चालू झाल्यात, माझं लक्ष त्यांच्याकडे आहे.