आमची वाटचाल : ताणावर फुललेला धंदा

रोपवाटिका सुरू केली तेव्हा आम्ही सगळंच विकायचो. शोभेची झाडं, फळझाडांची कलमं, हंगामी फुलं. वेलींना मागच्या कुंपणालगतची एक ओळ होती. आज बहुतेक जागा बोगनवेलीने व्यापली आहे, आणि त्याचं श्रेय दूरदृष्टीपेक्षा तक्रारींना जास्त. इतर झाडांबद्दल लोक सांगत यायचे, "रोप मेलं." बोगनवेलीबद्दल मात्र एकच ठरलेलं वाक्य: "वेल झकास वाढलाय हो, पण फूल नाही!"

जाऊन पाहिलं की बहुतेक ठिकाणी तोच प्रकार दिसायचा. ऐसपैस कुंडी, रोज पाणी, वर खताचा मारा. लांबच लांब हिरवे फुटवे आणि काटे. या वेलीची गंमत अशी, की पानाच्या बेचक्यातून निघणाऱ्या फुटीचा एक तर काटा होतो, नाहीतर फुलोरा. पाणी आणि नत्र मुबलक, ऊन जेमतेम, असं असलं की काटेच जास्त. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन आणि मुळांना थोडी तंगी, हे तिला मानवतं. दिवस लहान असतील तर आणखी उत्तम.

म्हणून रोपासोबत आम्ही सल्ला द्यायला लागलो, आणि तो बहुतेक 'करू नका' असाच असतो. कुंडी मोठी करू नका. माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका. पानं किंचित मलूल झाली की मग भरपूर द्या. फळबागेत बहार धरताना पाणी तोडून देतात तोच हा ताण. एक फुलोरा संपला की फांद्या छाटा, कारण फूल नव्या फुटीवर येतं. हिला द्राक्षवेलीसारखे ताणे नसतात, काट्यांनी अडकत चढते, तेव्हा आधाराला बांधावंच लागतं.

ज्याला रोज पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही, अशा माणसाला हा वेल विकणं अवघड. तो प्रयत्न आम्ही सोडून दिलाय.

रोपं आम्ही छाट कलमांनीच करतो. बहुतेक संकरित जातींना बी धरत नाही, त्यामुळे दुसरा सोपा मार्गही नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली वीतभर काडी, बुडाला रूटिंग हार्मोन, निचऱ्याचं माध्यम आणि दमट हवा. मुळं फुटली म्हणजे रोप तयार झालं असं धरत नाही. मुळं अतिशय नाजूक. पिशवी ओढून काढली की मातीचा गोळा फुटतो आणि रोप मान टाकतं. म्हणून मातीचा गोळा घट्ट झाल्याशिवाय रोप बाहेर जात नाही. पैसा तेवढे दिवस अडकून पडतो, पण परत येणारी रोपं कमी झाली.

रंगांचं आश्वासन देताना जपून बोलतो. 'मेरी पामर' ही 'मिसेस बट'च्या एका फांदीतून निघालेली जात. एकाच वेलावर पांढरा आणि गुलाबी दोन्ही रंग. पण तिची काडी लावली की नवा वेल दोन्ही रंग दाखवेलच असं नाही. चट्ट्यापट्ट्यांच्या पानांच्या जातींवर मधूनच निव्वळ हिरवा फुटवा येतो. तो जोमदार असतो आणि कौतुकाने ठेवला तर बाकीच्या वेलाला मागे टाकतो. दिसताच, जिथून फुटला तिथूनच काढायचा.

शाळेची मुलं येतात तेव्हा वेगळीच धमाल. ज्याला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, आतल्या तीन बारीक नळ्या ही फुलं, हे सांगितलं की प्रत्येक जण उकरून बघतो. ही आपल्या गुलबक्षीची नातेवाईक, हे मोठ्यांनाही खरं वाटत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेची. बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेवरच्या कोमेरसाँ या वनस्पतितज्ज्ञाने 1767 मध्ये रिओ द जानेरोला ती गोळा केली. त्याची मदतनीस जान बारे पुरुषवेशात जहाजावर होती. मुलांना वेलापेक्षा हीच गोष्ट लक्षात राहते.

अलीकडे आम्ही रोप देण्याआधी जागेचे फोटो मागतो, सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा. तिन्हींत सावली दिसली तर सरळ मनी प्लांट सुचवतो. काही जण नाराज होऊन दुसरीकडून बोगनवेल घेतात, आणि वर्षभराने "फूल का येत नाही" हे विचारायला आमच्याकडेच येतात. त्यांनाही छाटणी शिकवतो. त्याचे पैसे घेत नाही.