वरची कडी

रात्री साडेअकराला मेसेज येतो : ‘झोप येत नाहीये. एखादी भुताची गोष्ट पाठव ना. लहान, पण टरकवणारी.’

पाठवणारे बदलतात, मागणी तीच. कधी ऑफिसातलं कुणी, कधी कॉलेजनंतर गायब झालेला एखादा मित्र, तर कधी एरवी फक्त पाण्याच्या टाकीवर बोलणारे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माझा दोष इतकाच, की गेली दहा-बारा वर्षं डोंबिवलीहून लोकलनं येता-जाता मी मोबाइलवर भयकथा वाचतो आणि एखादी आवडली की ती कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय मला राहवत नाही.

गोष्ट पाठवण्याआधी मी विचारतो, ‘तू कशाला घाबरतोस?’ याचं खरं उत्तर कुणी देत नाही. ‘मी कशालाच घाबरत नाही’ म्हणणाऱ्याला मग रात्री साडेअकराला गोष्ट हवी कशाला, हे विचारायचं नसतं. दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘बायकोला’. हा विनोद इतक्यांदा ऐकलाय की आता मला त्याचीच भीती वाटते.

मी शाळेत होतो तेव्हा ही शिफारशीची कामं आमच्या वाचनालयातली पुस्तकंच करायची. भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं तिथे कधी फडताळात सापडायचीच नाहीत, कायम कुणाच्या तरी घरी गेलेली असायची. नंबर लावून हाती आलीच तर खाकी पुठ्ठ्याची बांधणी, तेलकट झालेले कोपरे, आणि समासात पेन्सिलीचे शेरे. एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं : ‘इथपर्यंत ठीक. पुढचे दिवसा वाचावे.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात : ‘दिवसा वाचले. उपयोग नाही.’ पुस्तक परीक्षण म्हणून यापेक्षा नेमकं काही मी आजवर वाचलेलं नाही. वाचनालयातले काका असे शेरे खोडरबरानं पुसत बसायचे. पण हे दोन त्यांनी ठेवले होते. त्यांनाही ते पटले असावेत.

आता समास गेला आणि ढीग आला. भयकथांचा नुसता पूर वाहतोय, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन ओळींतच मान टाकतात. अमावास्या, मुसळधार पाऊस आणि बंद पडलेली गाडी हे तिघं एकाच परिच्छेदात भेटले की मी पुढे जात नाही. टिंबं आणि उद्गारचिन्हं यांची संख्या वाढायला लागली की समजावं, लेखकाला आपल्या भुतावर भरवसा उरलेला नाही. आणि ‘भाग ६२’! बासष्ट भाग चाललेल्या भुताची भीती कशी वाटणार? तोवर ते घरातलंच एक माणूस होऊन बसतं. एडगर ॲलन पो या अमेरिकी भयकथाकारानं १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत संपली पाहिजे, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत. मध्ये उठलात की बाहेरचं जग आत शिरतं आणि बांधून आणलेला परिणाम सुटतो. पोला लोकल ठाऊक नव्हती, पण हिशेब त्यानं बरोबर डोंबिवली ते सीएसएमटीचा केला. फक्त मध्येच उगवणाऱ्या जाहिराती त्यानं धरल्या नव्हत्या. माडीवर पावलं वाजतायत, जिन्याची फळी करकरली, आणि त्याच क्षणी पडदाभर ‘मॉड्युलर किचनवर चाळीस टक्के सूट’!

एक प्रकार मात्र मला मनापासून आवडतो, तो म्हणजे ‘ही सत्यघटना आहे’नं सुरू होणारा फॉरवर्ड. मुंबई-गोवा महामार्ग, रात्रीचे दोन, कशेडी घाट, पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते. ड्रायव्हर दयाळू असतो (अशा गोष्टींत नेहमीच असतो). थोड्या वेळानं मागे बघावं तर सीट रिकामी. हाच मजकूर मला एकदा कसारा घाटाच्या नावानं आला होता, शब्दाचाही फरक नाही. फक्त घाट बदललेला, आणि पाहणारे ‘माझ्या मित्राचे सख्खे मामा’ होते ते ‘सख्खे काका’ झालेले. मी हसलो खरा, पण मग कळलं की बाई आपल्या घाटांपुरती नाही. शिकागोत आर्चर अॅव्हेन्यूवर तीच उभी असते, फक्त पांढऱ्या साडीऐवजी पांढरा पार्टीचा ड्रेस. नाचाच्या हॉलमधून कुणाच्या तरी गाडीत बसते आणि रिझरेक्शन नावाच्या दफनभूमीपाशी नाहीशी होते. तिकडे तिला रिझरेक्शन मेरी म्हणतात. जॅन हॅरल्ड ब्रुनव्हँड या लोककथांच्या अभ्यासकानं अशा कहाण्यांवर १९८१ मध्ये पुस्तक काढलं तेव्हा त्याला नावच दिलं लिफ्ट मागून अदृश्य होणाऱ्या प्रवाशाचं. जगभर ही बाई गाड्या थांबवत हिंडतेय आणि प्रत्येक गावात ती कुणाच्या तरी सख्ख्या मामालाच भेटते. आता कशेडीला बोगदा झालाय. माझ्या एका मित्राला पडलेला प्रश्न : बोगद्यातून ऐंशीच्या स्पीडनं जाणाऱ्याला ती हात कसा दाखवणार?

इंग्रजीत रेडिट या गप्पांच्या संकेतस्थळावर ‘नोस्लीप’ नावाचा एक भयकथांचा अड्डा आहे. तिथला नियमच असा, की इथलं सगळं खरं आहे, खरं नसलं तरी. ‘हे शक्यच नाही’ असं म्हणायला बंदी. वाचणाऱ्यानंही ‘मग तू ते दार बंद केलंस का?’ अशाच काळजीनं बोलायचं. वाचून मला दापोलीकडची मावशीच्या घरची ओटी आठवली. लाइट गेलेले, मुंज्याची नाहीतर चकव्याची गोष्ट चाललेली. कुणी कॉलेजकुमारानं मध्येच ‘पण शास्त्रीयदृष्ट्या’ असं तोंड उघडलं की त्याला विहिरीवरून पाणी आणायला पाठवायचे. अंधारात, एकट्याला. शास्त्र तिथेच संपायचं.

खरा खजिना सापडला तो मात्र जुन्यांत. मायकल हार्ट नावाच्या माणसानं १९७१ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू केलं, त्यावर स्वामित्वहक्क संपलेली हजारो इंग्रजी पुस्तकं फुकट वाचता येतात. ना जाहिरात, ना किचन. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६८ संपेपर्यंत मोकळी व्हायची नाहीत. गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी तर २०२० पर्यंत आपल्यात होते. तरी दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, ‘धारपांची पीडीएफ आहे का?’ मी त्याला दुकानाचा पत्ता पाठवतो. मग मैत्री थोडी पातळ होते.

तर गोष्ट सुचवण्याबद्दल. माझा एक मित्र औषध कंपनीत आहे, महिन्यातले पंधरा दिवस हॉटेलात. हा ‘कशालाच घाबरत नाही’ पंथातला. त्याला मी एम. आर. जेम्सची एक कथा पाठवली. हे जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले जुन्या हस्तलिखितांचे पंडित. नाताळात मित्र जमले की हातात कागद घेऊन आतल्या खोलीतून बाहेर यायचे, एक सोडून सगळ्या मेणबत्त्या फुंकून टाकायचे आणि नवी भूतकथा वाचायचे. आपल्याकडे दिवाळीला अंक, त्यांच्याकडे नाताळाला भूत! १९०४ मध्ये या कथांचं पहिलं पुस्तक आलं. मी पाठवली ती त्यातलीच : समुद्रकाठची खाणावळ, सुट्टीवर आलेला एकटा प्राध्यापक, आणि खोलीत पलंग दोन. पुढचं सांगत नाही. मित्राचं उत्तर आलं, ‘ठीक आहे. जरा संथ वाटली.’ मी गप्प बसलो. सहा महिन्यांनी आम्ही नागपूरला एका लग्नाला गेलो, त्याच्या खोलीत गप्पा मारायला बसलो. रिकाम्या पलंगावर त्यानं बॅग, सॅम्पलची पेटी, ओला टॉवेल, इस्त्रीचे शर्ट असं सगळं पसरून ठेवलं होतं. म्हटलं, बसू कुठे? तो म्हणाला, ‘खुर्चीवर बस. तो पलंग भरलेला असू दे.’

बाण लागला की असा लागतो. चुकतो तेव्हा मात्र पार चुकतो.

माझी मामेबहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. ‘दिवसभर खोलीत पडून कंटाळा येतो, काहीतरी वाचायला पाठव’ म्हणाली. त्याच आठवड्यात मी शार्लट पर्किन्स गिलमनची १८९२ मधली ‘द यलो वॉलपेपर’ वाचून भारावलेलो. आतला मजकूर डोक्यात न घेता मी लिंक पाठवून दिली. ज्यांना ती कथा ठाऊक आहे त्यांनी इथे कपाळावर हात मारून घेतला असेल. नुकतं मूल झालेली बाई, डॉक्टर नवरा, त्यानं फर्मावलेली सक्तीची विश्रांती, लिहायचं नाही, विचार करायचा नाही, एक खोली आणि तिच्या भिंतीवरचा पिवळा कागद. हळूहळू त्या नक्षीमागे तिला कुणीतरी दिसायला लागतं. गिलमननं हे स्वतः भोगलेलं होतं. बाळंतपणानंतर आलेल्या उदासीवर एका नामांकित डॉक्टरनं तिला असाच पडून राहण्याचा इलाज दिला होता. आणि मी ती कथा पाठवली कुणाला? शेक-शेगडीच्या खोलीत, खिडकीला जाड पडदा आणि कानाला फडकं बांधून पडलेल्या बाळंतिणीला.

पहाटे सव्वातीनला मेसेज आला : ‘तुला अक्कल आहे का?’

मी सतरा वेळा माफी मागितली. मग पाच मिनिटांनी दुसरा आला : ‘आमच्या भिंतीला कागद नाही. पोपडे आहेत. काल त्यात उंट दिसला.’ आणि मग तिसरा : ‘आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, मलाही कायकाय दिसायचं, पण सांगणार कुणाला?’ दुसऱ्या दिवशी मामीनं खोलीचा पडदा काढला म्हणे. याचं श्रेय मी घेत नाही. चूक ती चूकच. तेव्हापासून लिंक पाठवण्याआधी मी दहा मिनिटं थांबतो आणि पलीकडचा माणूस डोळ्यांसमोर आणतो : कुठल्या खोलीत आहे, सोबत कोण आहे, दार कुठल्या बाजूला आहे.

राहता राहिली दापोलीकडची मावशी. ती भुतांना घाबरत नाही, कारण तिचं त्यांच्याशी येणं-जाणं आहे. पिंपळावरच्या मुंज्याविषयी ती शेजारच्या जोश्यांविषयी बोलावं तशी बोलते, ‘वाईट नाही हो, जरा हट्टी.’ वहाळातला गिऱ्हा तिच्या दृष्टीनं पोरांना पाण्यापासून लांब ठेवण्यापुरता कामाचा. अशा बाईला घाबरवायचं कसं, हा माझा कित्येक वर्षांचा प्रश्न. शेवटी गेल्या पावसाळ्यात मी तिला ‘माकडाचा पंजा’ सांगितली. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ही कथा १९०२ ची. जेकब्स खरं म्हणजे विनोदी लेखक, बंदरातल्या खलाशांच्या गमतीजमती लिहिणारा. आणि नाव राहिलं ते या एका गोष्टीमुळे. मावशीला इंग्रजी येत नाही. म्हणून मी मराठीत सांगून अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला.

हिंदुस्थानातल्या एका फकिरानं मंतरलेला वाळका पंजा, तीन मागण्या पुरवणारा. तो एका म्हाताऱ्या जोडप्याच्या हाती येतो. म्हातारा घराच्या कर्जासाठी दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी एकुलता एक मुलगा कारखान्यात यंत्रात सापडतो, आणि कंपनी भरपाई देते ती बरोबर दोनशे पौंड. पुढे एका रात्री आई हट्टाला पेटते : त्याला परत मागा. म्हातारा मागतो. मग दारावर थाप. म्हाताऱ्यानं मुलाचं काय झालं होतं ते पाहिलेलं असतं, तो तिला अडवतो. ती धावते, साखळी काढते, खालची कडी काढते. वरच्या कडीला तिचा हात पोचत नाही. ती खुर्ची ओढून घेते. थापा वाढतात. आणि तेवढ्यात अंधारात पंजा चाचपडून म्हातारा तिसरी मागणी मागतो. दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता.

दोन दिवस निळ्या खुणा आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन.

“ऐकली रे,” ती म्हणाली. “त्या म्हाताऱ्याला काही अक्कल नाही.”

“घाबरलीस ना?”

“घाबरायचं काय त्यात? पोरगाच होता ना तिचा? कसा का असेना. पावसापाण्यातून इतका चालत आला नि बापानं दारातून परत पाठवला.”

मी म्हटलं, “अगं, पण तो कसा दिसत असेल...”

“आंघोळ घातली असती.”

यावर मला काही सुचेना. मागे पाऊस ऐकू येत होता, तिच्या पत्र्यावरचा. तिचा मुलगा, माझा दादा, मालवाहू जहाजावर असतो. एकदा गेला की सात-आठ महिने. बोटीवरून उतरला की कळवतो कधी, नाही कधी. मिळेल ती एसटी धरून येतो.

“आणि एक सांगू?” मावशी म्हणाली. “हात पोचत नाही तर वरची कडी लावायचीच कशाला? मी नाही लावत. तुझे काका होते तेव्हा लावायचे. आता मी खालचीच लावते.”