हिलस्टारचा निळा गळा: चित्र कुठवर आलं

ब्लू-थ्रोटेड हिलस्टार या हमिंगबर्डचं चित्र अर्ध्याच्या पुढे सरकलंय. पाठ, गळा आणि पाय रंगवून झाले. पोट आणि खालचं झुडूप बाकी आहे.

हा पक्षी ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. दक्षिण एक्वादोरमध्ये, एल ओरो आणि लोहा प्रांतांच्या हद्दीवर सेर्रो दे आर्कोस हा डोंगर आहे. २०१७ साली फ्रान्सिस्को सोर्नोसा यांना तिथे एक अनोळखी हमिंगबर्ड दिसला. त्यांनी फोटो काढले आणि २०१८ मध्ये ‘ओरिओट्रोकिलस सायानोलेमस’ या नावाने त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. पक्ष्यांचा एवढा अभ्यास झालेल्या देशात, उघड्या माळावर, असा झळाळता नर इतकी वर्षं शास्त्राच्या नजरेतून सुटला याचं मला अजून नवल वाटतं. त्याचा मुलूखच मुळात चिमूटभर आहे. उत्तरेला खुबोनेस नदीचं खोल खोरं, आणि हा राहतो साधारण ३,२०० ते ३,७०० मीटर उंचीवरच्या ‘पारामो’त, म्हणजे गवत, खडक आणि खुरट्या झुडपांच्या थंड पठारावर. शोध लागला तेव्हाच्या अंदाजानुसार सगळे मिळून ७५० सुद्धा नाहीत.

हा उडता काढायचा नाही, हे पहिल्या रेखाटनापासून ठरलेलं. हमिंगबर्ड म्हटलं की फुलासमोर हवेत थांबलेला पक्षी डोळ्यांपुढे येतो. पण इतक्या उंचीवर हवा विरळ आणि थंडी कडक, तिथे पंखांवर तोलून राहणं फार महागात पडतं. त्यामुळे हिलस्टार शक्य तिथे फांदीला किंवा फुलालाच पकडून मध पितात. त्यांचे पायही इतर हमिंगबर्डांच्या मानाने मोठे आणि मजबूत असतात. म्हणून बहुतेक चित्रांत पिसांत लपणारे पाय मी मुद्दाम समोर आणलेत. नख्यांची पकड समजायला आपले शिंजीर (सनबर्ड) कामी आले. शिंजिराचं कुळ अगदी वेगळं, आणि हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाहीत. पण फुलाशेजारच्या देठाला धरून वाकणारा शिंजीर बघितला की वजन कुठे पडतं ते नीट कळतं.

वेळ निवडली सकाळची, पिसं फुलवून ऊन घेतानाची. या उंचीवरचे हमिंगबर्ड रात्री शरीराची धग जवळपास विझवतात. २०२० साली पेरूच्या अँडीजमधल्या ब्लॅक मेटलटेल या हमिंगबर्डवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका पक्ष्याचं तापमान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलेलं आढळलं. सकाळी स्नायू थरथरवत तो परत ऊब आणतो. हे वाचल्यावर माझ्या हिलस्टारची मान मी थोडी आखूड केली आणि अंगाला गोलाई दिली.

आता गळा. हा निळा रंगद्रव्याचा नाही. पिसांमध्ये मेलॅनिन या गडद द्रव्याच्या पोकळ, चपट्या चकत्यांचे थर असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून निळा दिसतो. कोन बदलला की तोच गळा काळा. म्हणून नुसता भडक निळा लावला की गळा प्लॅस्टिकचा वाटतो. मी आधी इंडिगो आणि सेपियाचा गडद वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा सपाट हात दिला, मोजकी पिसं कोरी सोडली आणि त्यांच्यावर अल्ट्रामरीनचे पातळ थर चढवले. उजेड आणि काळोख यांच्यामध्ये मधली छटा ठेवली नाही. चमक येते ती या धक्क्यामुळे. कागद हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, ३०० जीएसएमचा. खरखरीत कागदावर पिसांच्या कडा तुटतात.

बसायला चुकिरागुआचं झुडूप आहे. नारिंगी फुलांचं, काटेरी पानांचं, सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि हिलस्टारचं मुख्य अन्न. कुरणासाठी पारामो पेटवला की हीच झुडपं जातात, शिवाय खाणींचं संकट आहेच. एवढ्याशा मुलखात एक मोठा वणवाही या पक्ष्याला भारी पडेल. त्यामुळे पार्श्वभूमीला नुसतं धुकं ठेवणं मला पटेना. उजवीकडे जळलेल्या गवताचा काळपट पट्टा घेणार आहे.

पुढचं काम पोटाचं. ते पांढरं आहे, आणि गळ्याच्या निळ्याखाली काळी कड. ती कड ओल्यात सोडली तर पांढऱ्यात पसरण्याची भीती, कोरडी ओढली तर कापल्यासारखी दिसेल. हॉट प्रेसवर मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव) वापरून कुणाचा कागद सोलला नसेल, तर ते किती वेळ ठेवलं होतं ते जरूर सांगा.