सॅन होजे ते सिअ‍ॅटल : ट्रेलर की ट्रक?

बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की पुण्यात टेम्पो सांगायचा आणि हमालांशी घासाघीस करायची. कॅलिफोर्नियात मूव्हर्सचा आकडा ऐकला आणि घासाघीस करायचीसुद्धा इच्छा उरली नाही. सॅन होजेहून सिअ‍ॅटल, अंतर साधारण 840 मैल. सामान आपणच न्यायचं ठरवलं.

नवऱ्याचं मत ट्रेलरच्या बाजूनं. "गाडी न्यायचीच आहे, तर मागे डबा लावू." मुद्दा चुकीचा नव्हता. ट्रेलरचं भाडं ट्रकच्या मानानं किरकोळ, वर मैलांचे पैसे नाहीत. शिवाय आपल्या गाडीचा विमा ट्रेलर ओढताना बऱ्याचदा चालतो. भाड्याच्या ट्रकला तो बहुधा लागू होत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

मग मी गाडीचं मॅन्युअल काढलं. आमची साधी रॅव्ह-फोर, तिची ओढण्याची मर्यादा 1500 पौंड. यू-हॉल या ट्रक-ट्रेलर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा 5 बाय 8 फुटी बंद ट्रेलर रिकामाच 900 पौंडांचा. उरले 600, म्हणजे जेमतेम 270 किलो.

"तेवढी तर तुझी पुस्तकंच होतील," मी म्हटलं.

त्यात हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची कडी, बसवा, मागच्या दिव्यांचं वायरिंग करून घ्या. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी 55 मैलांची मर्यादा, बाकीचे 70 ने जात असले तरी. वजनातलं साठ टक्के पुढच्या अर्ध्या भागात ठेवायचं, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो; तसं झालं तर ब्रेक मारायचा नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा. आणि रिव्हर्स! स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जातो. मोठी गाडी आणि मोजकं सामान असेल त्यानं खुशाल ट्रेलर घ्यावा. आमचं गणित तिथेच संपलं.

ट्रकच्या भाड्याची तऱ्हा और. कॅलिफोर्नियातून बाहेर जाणारे जास्त, येणारे कमी. त्यामुळे रिकामे ट्रक परत आणण्याची कंपन्यांना चिंता. बाहेर जाताना तोच ट्रक चांगला महाग, येताना स्वस्त. आम्ही चुकीच्या दिशेनं निघालो होतो, त्याला इलाज नव्हता. 15 फुटी ट्रक घेतला. साधा कार परवाना चालतो.

"चालवणार कोण?" नवऱ्यानं विचारलं. मी. तो गाडी घेऊन मागून येणार.

फ्रिज नव्हताच, त्यामुळे पुस्तकांची खोकी आणि वॉशिंग मशीन केबिनला चिकटून, गाद्या उभ्या, मधल्या फटीत चादरी कोंबल्या. केबिनच्या डोक्यावरच्या माळ्यात समया, कुकर आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी, तिला स्वेटर घालून.

680, 80, 505 असे महामार्ग बदलत डनिगनला आय-5 हा उत्तरेकडे जाणारा मोठा महामार्ग गाठला. बदामाच्या बागा, ऊन आणि सरळ रस्ता, यापलीकडे रेडिंगपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. ट्रकची उंची 12 फूट, म्हणून ड्राइव्ह-थ्रूचा मोह सोडायचा. रात्री मोटेलमध्ये मागचं दार भिंतीला टेकवून ट्रक लावला. कुलूप तोडलं तरी सामान बाहेर काढायला जागा नाही, हा उपाय एका ट्रकवाल्या सरदारजींनी सांगितलेला.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. शास्ता तळ्यावरचा पूल ओलांडला की रस्ता वळणं घेतो आणि बर्फाचा माउंट शास्ता कधी काचेच्या उजवीकडे, कधी डावीकडे. पुढे ओरेगॉनची हद्द ओलांडली की सिस्किउ खिंड, 4310 फूट, आय-5 वरची सगळ्यात उंच जागा. चढताना ट्रक धापा टाकत होता. उजव्या लेनमध्ये माझ्यापुढे एक छोटी गाडी ट्रेलर ओढत त्याहून हळू चालली होती. उतार अ‍ॅशलंडकडे, चांगला सहा टक्क्यांचा. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडी भरलेल्या चढत्या वाटा आहेत. त्या बघून मी गिअर खाली टाकला आणि ब्रेकला शक्यतो हात, म्हणजे पाय, लावला नाही. बोरघाटात बाबांच्या शेजारी बसून केलेली प्रवासी पुण्याई कामाला आली.

पोर्टलंडनंतर कोलंबिया नदी ओलांडली की लगेच वॉशिंग्टन राज्य, आणि थोड्याच अंतरावर रिजफील्डची पाटी. यू-हॉल इथलंच. 1945 साली शोन नावाचं नवविवाहित जोडपं लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला सामान न्यायला निघालं आणि एकेरी भाड्यानं ट्रेलर कुठे मिळेना. मग त्यांनी स्वतःच ट्रेलर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मी फोनवर हे नवऱ्याला सांगितलं. "बघ, ट्रेलरच!" तो म्हणाला.

सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला मराठी मंडळातली मंडळी आली आणि ट्रक रिकामा झाला. परत देण्याआधी टाकी घेतली होती त्या पातळीपर्यंत भरायची, आतून झाडू मारायचा. गॅलनला दहाएक मैल देणारं हे धूड. पंपावरचा आकडा थांबेचना.

नवऱ्याचा आतेभाऊ पुढच्या महिन्यात इथून सॅन दिएगोला चाललाय. त्याला उत्साहानं सांगितलं, अरे, तिकडे जाणारा ट्रक स्वस्तात पडेल.

"नको वहिनी," तो म्हणाला, "माझ्याकडे हायलँडर आहे, टो पॅकेजवाली, 5000 पौंड ओढते. मी ट्रेलर बुक केलासुद्धा."