पवनला पहिल्यांदा काटे लावले ते असे

पवन पाच वर्षांचा आहे, मारवाडी, सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेला. दसऱ्यानंतर जमीन जरा वाळली आणि मग त्याच्या फ्लॅटवर्कसाठी, म्हणजे उड्या-अडथळे नसलेल्या मैदानी सरावासाठी, काटे, म्हणजे स्वाराच्या बुटाच्या टाचेला बांधायचे स्पर, लावायला घेतले. इकडं कोल्हापुरात घोडा म्हटलं की लोकांना शर्यतीची घोडागाडी नाहीतर वरातीत नाचणारा घोडाच आठवतो, त्यामुळं काटे म्हटल्यावर प्रश्न ठरलेला, "का वं, पळत न्हाई व्हय?" पळायला नकोच आहे ओ, पळण्यात तो एक नंबर आहे, आवरावा लागतो!

मला हवं होतं बाजूला सरकणं. लेग यील्डमध्ये घोडा अंग सरळ ठेवून तिरपा पुढं जातो, तिथं पवन माझ्या पोटरीच्या दाबाला उत्तर द्यायचा पण ढोबळ, आणि मी जास्त दाबलं की पाठ ताठ करून ट्रॉट, म्हणजे दुडकी, सोडायचा आणि थेट रेवाळ चालीत, म्हणजे मारवाडी घोड्यांच्या न उसळणाऱ्या जलद चालीत, घुसायचा. रेवाळ बसायला झकास पण फ्लॅटवर्कला दोन ठोक्यांची स्वच्छ दुडकी पाहिजे. तर तेवढंच, कमी दाबात नेमकं सांगता यावं म्हणून स्पर. जो घोडा साध्या पोटरीला पुढंच जात नाही त्याला काटे लावून काही होत नाही, उलट थोड्या दिवसांत तो काट्यालाही बधिर होतो, असले घोडे बघितलेत मी.

आमच्या पागेतले मोतद्दार मामा म्हणाले, "पोरी, घोड्याचं ऱ्हाऊ दे, आधी तुझा पाय गप बसतोय का बघ." मग मोबाईल कुंपणाला बांधून बाजूनं आणि मागनं व्हिडिओ काढले. दुडकीत टाच वर उचलली जाते का, पायाचा पंजा बाहेर वळतो का, हे दोनच बघायचं, कारण पंजा बाहेर गेला की काटा प्रत्येक पावलाला पोटाला लागत राहतो आणि घोड्याला कळतच नाही की सांगितलं कधी आणि चुकून लागलं कधी. रिकीब न वापरता लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवलेल्या घोड्यावर, बसून पाय खाली लांब सोडायचा सराव चालला बरेच दिवस, कंटाळा येतो पण याला शॉर्टकट नाही. काटे घेतले ते बोथट, आखूड मानेचे, टोक खाली वळलेलं. चाकवाले चकाचक मिळतात, लोक फोटोसाठी घेतात, असो.

दिवस मुद्दाम निवांत निवडला. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की आमच्या रस्त्यावर स्पीकरचा नुसता दणका असतो, त्यामुळं सकाळी लवकर. आधी बिनकाट्याचं वॉर्मअप, घोडा मोकळा झाला, मग उतरून स्पर बांधले आणि ओट्यावरनं चढले, कारण खालनं चढताना पाय पुठ्ठ्यावरनं नेताना काटा घासला तर पहिली ओळखच वाईट. मग नुसतं चालवलं, काटा कुठं लागूच दिला नाही. थांबणं, निघणं, सगळं पोटरीवर.

त्यानंतर लेग यील्ड, साध्या चालण्यातच. मागचा डावा पाय जमिनीवरनं उचलतो तेव्हा डावी मदत, म्हणजे डाव्या पायाचा इशारा, द्यायची, एरवी तो पाय वजनाखाली अडकलेला असतो, सरकणार कुठनं? हे खाली वाकून बघायला लागत नाही, घोड्याचं पोट उजवीकडं झुलतं आणि आपला डावा पाय आपोआप आत पडतो तो क्षण. आधी पोटरी, उत्तर पुरेसं नाही आलं तरच घोटा किंचित फिरवून काटा टेकवायचा आणि लगेच काढायचा. टेकवून ठेवला की संपलं. पवननं पहिल्यांदा शेपूट झटकली, कान मागं टाकले आणि मग एक छान पाऊल आडवं टाकलं. तिथंच लगाम सोडला, मानेवर थोपटलं, दुसऱ्या बाजूला एकदा केलं आणि बस्स, उतरले. आणखी थोडं करूया असं फार वाटतं तेव्हाच उतरायचं.

शेपूट नुसती एकदा हलली तर मी फार मनावर घेत नाही, नवीन आहे, विचारतोय. पण सारखी फिरायला लागली, श्वास रोखला, पाठ खाली टाकली किंवा मागचा पाय काट्याकडं उडवला तर काटे काढून ठेवायचे, भांडायचं नाही. खरारा करताना तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, मागं केस घासलेत का तेही मामा रोज हात फिरवून बघतात, हिवाळ्याच्या दाट केसात डोळ्याला दिसत नाही.

आता ट्रॉटमध्ये लेग यील्ड नीट जमतोय, शोल्डर-इनची, म्हणजे खांदे जरा आत घेऊन तिरपं चालण्याची, सुरुवात झालीय, आणि बहुतेक वेळा पोटरीवरच काम होतं, काटा नुसता असतो. नदीकडं रपेट मारायला जाताना काटे पागेतच. कँटरमध्ये, म्हणजे दुडकीच्या पुढच्या तीन ठोक्यांच्या चालीत, मात्र अजून लावत नाही, डाव्या लीडला, म्हणजे डावा पाय पुढं टाकत निघताना, अजून उडी मारून निघतो आणि माझा पाय तिथं हलतो, ते सुधारलं की बघू.