परदेशी लायसन्सवर कोकणात गाडी चालवणार असाल तर: चिपळूण-गुहागर-मालवण, आमचे पाच दिवस

काल रात्री साडेअकराला चिपळूणला घरी पोचलो. कंबर धरली आहे, डोळे अजून चुरचुरतात, तरी हे आजच लिहिते आहे. नाताळची सुट्टी चालू आहे. परदेशातून आलेले भाऊ, जावई, भाचे भाड्याची गाडी घेऊन समुद्रकाठाने निघायच्या तयारीत असतील. आमच्या दादाकडे होतं तसलं, ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ म्हणून विकलेलं प्लास्टिकचं कार्ड त्यांतल्या कुणाच्या तरी पाकिटात असणारच. त्या कार्डाची किंमत शून्य आहे.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. 19 वर्षं इंग्लंडात आहे, आता पासपोर्टही तिकडचाच. इकडचं लायसन्स कधीच मुदत संपून गेलं. मामीने आयुष्य चिपळुणात काढलं पण मालवण पाहिलं नव्हतं, आणि तिला स्वतः गाडी चालवत तिथे न्यायचं हे दादाने दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. तिकडेही डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडे, मग अडचण कसली, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. दादा चालवतो उत्तम. आम्ही मार खाल्ला तो कागदांत.

निघण्याआधी त्याने इंटरनेटवर ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ शोधलं. एका संकेतस्थळाने 60 पौंड घेतले, फोटो मागवला आणि आठवड्याभरात कार्ड घरी आलं. वर जगाचा नकाशा, होलोग्राम, मुदत तीन वर्षं. मीही ते हातात घेऊन पाहिलं होतं आणि मला ते अस्सल वाटलं, म्हणून इतक्या तपशिलात सांगते आहे.

भारत 1949 च्या जिनिव्हा करारात आहे. त्या कराराखाली मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात, तो मूळ लायसन्स देणाऱ्या देशाचं सरकार किंवा त्या सरकारने नेमलेली संस्थाच देऊ शकते. तिसरं कुणीही नाही. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. राखाडी मुखपृष्ठाची कागदी पुस्तिका असते, तीवर कराराचं साल छापलेलं असतं, आत फोटो आणि कुठल्या प्रकारची वाहनं चालवता येतात त्याचे शिक्के. 1949 चा परवाना म्हणून कुणी तीन वर्षांची मुदत देत असेल तर तिथेच ओळखा. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून हा परवाना पोस्टात मिळायचा बंद झाला, आता पेपॉइंटची सोय असलेल्या ठरावीक दुकानांत मिळतो. साडेपाच पौंड. लायसन्स आणि फोटो घेऊन स्वतः जावं लागतं, म्हणून इथे विमानातून उतरल्यावर आठवण झाली तर काही उपयोग नाही. साडेपाच पौंडांचं काम साठ पौंडांत करून घेतलं आणि तेही झालं नाही, हे मला अजून पचत नाही.

पुस्तिकेसोबत मूळ लायसन्सही जवळ हवं. आपली लायसन्सं आणि गाडीचे कागद डिजिलॉकरवर दाखवले तर चालतात, परदेशी कागद मात्र तिथे नसतात. ते कागद मूळ प्रतीतच हवेत, फोनमधला फोटो पुरत नाही.

दुसरी चूक गाडीची, आणि ती माझी. सुट्टीत गाड्या मिळत नव्हत्या. ओळखीतून एकाने आपली घरची गाडी दिली, दिवसाला 3,000 रुपये, वर 15,000 अनामत. पांढरी नंबर प्लेट. “कुणी विचारलं तर मित्राची गाडी म्हणा,” असं त्याने किल्ली देतानाच सांगितलं होतं. तिथेच किल्ली परत करायला हवी होती. भाड्याने स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं म्हणजे परमिटशिवाय धंदा, आणि खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. त्यात चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नाही म्हटल्यावर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी फेटाळणारच. म्हणजे पाच दिवस आम्ही मामीला घेऊन विम्याशिवाय फिरत होतो. काल रात्री हे लक्षात आलं तेव्हा मला झोप लागली नाही.

पहिला दिवस गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन, जेवण, सगळं ठीक. किनाऱ्यावर वाळूत दोन गाड्या फिरत होत्या आणि दादालाही मोह झाला. मी साफ नाही म्हटलं आणि तुम्हालाही तेच सांगते. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती तुमच्यासाठी थांबत नाही. कोकणच्या किनाऱ्यांवर गाड्या बुडाल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात, वर पोलीस बेदरकार वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 281. तो गुन्हा परदेशी पासपोर्टवाल्याच्या मागे लागला तर परतीचं तिकीट विसरा.

दुसऱ्या दिवशी हेदवीहून तवसाळकडे जाताना एकदाच जीव वर आला. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, पुढे उतार आणि वळण. समोरून मच्छीचा टेम्पो. त्याने हेडलाइट दोनदा मारले आणि दादाने गाडी सरळ पुढे घातली. इंग्लंडात समोरच्याने लाइट मारले की लोक त्याचा अर्थ ‘या, तुम्ही आधी जा’ असा घेतात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांबा’. दोन्ही गाड्या हातभर अंतरावर येऊन थांबल्या. तिकडून आलेल्या प्रत्येकाला निघायच्या आधी हे एक वाक्य सांगा, बाकी रस्त्याच्या खुणा तो शिकून घेईल.

टेम्पो चढत होता, आम्ही उतरत होतो. 2017 च्या केंद्रीय नियमावलीप्रमाणे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, म्हणजे मागे आम्हीच जायला हवं होतं. दादाने रिव्हर्स घेतला, मी उतरून गडग्याकडे बघत हात केला, सत्तर-ऐंशी पावलं गेल्यावर एका घराच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, जागा मिळाली. टेम्पोवाला काही बोलला नाही, जाताना हात वर केला. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर असंच चालतं. ज्याच्या मागे जागा जवळ आहे त्याने मागे जायचं, चढणाऱ्याला मान द्यायचा, आणि वळणावर हॉर्न वाजवायचा. तिकडे हॉर्न वाजवणं उद्धटपणा समजतात, म्हणून दादा आधी वाजवतच नव्हता. गडग्यांच्या वळणावर हॉर्न हवाच. शाळा आणि दवाखान्यापुढे नको.

तवसाळ-जयगड फेरीबोट सोपी आहे. रांगेत थांबा, बोटीवरचा माणूस सांगेल तशी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. शेवटची बोट किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.

पुढचे तीन दिवस गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, कुणकेश्वर, मालवण. सगळं छान झालं, मामी खूश होती, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. फक्त मागच्या सीटवरचा पट्टा. दादा आणि वहिनी गाडीत बसले की हात आपोआप पट्ट्याकडे जातो. मामी म्हणाली, मागे कशाला, गुदमरतं. मागेही पट्टा सक्तीचा आहे, मोटार वाहन कायद्यात त्याला 1,000 रुपये दंड लिहिलेला आहे. पण दंडासाठी नव्हे, घाटात ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्यावर आदळतो म्हणून लावा. खांद्यावर साडीच्या पदराची घडी ठेवून पट्टा वरून घेतला की टोचत नाही, मामी त्यानंतर गप्प बसली. आणि नकाशा बघायला फोन हातात धरू नका, स्टँडवर लावा.

पाचव्या दिवशी मालवणहून परत निघालो. कसालला महामार्गाच्या तिठ्याजवळ नाकाबंदी. आम्हाला अडवलं ते काळ्या काचांमुळे. मालकाने खिडक्यांना फिल्म लावली होती, आणि काचेवर फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच बंदी केली आहे. पाच दिवस मला ती फिल्म दिसत होती आणि ऊन लागत नाही म्हणून मी खूश होते.

साहेबांनी लायसन्स मागितलं. दादाने कार्ड दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “पुस्तिका कुठे आहे?” दादाने कार्डासोबत आलेलं माहितीपत्रक दाखवलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, हे खासगी कंपनीचं कार्ड आहे, आयडीपी नाही. मूळ ब्रिटिश लायसन्स मालवणच्या खोलीत बॅगेच्या तळाशी होतं ते आता डिकीत आलं होतं, ते शोधून दाखवलं, तरी नुसत्या त्यावर भागलं नाही. मग गाडी कुणाची. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगितलं, भाड्याची आहे म्हणून. खोटं बोलले असते आणि पुढे काही घडलं असतं तर तेच माझ्या अंगावर आलं असतं.

वैध लायसन्सशिवाय चालवल्याबद्दल दादाच्या नावावर 5,000, तशा माणसाला गाडी चालवायला दिल्याबद्दल मालकाच्या नावावर 5,000, काचांचे 500. कायद्यात पहिल्या दोन्हींना दंडाबरोबर तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, हे साहेबांनी शांतपणे ऐकवलं. भाड्याचा मुद्दा आरटीओचा आहे, पुन्हा ही गाडी भाड्याने घेऊ नका, असं सांगून सोडलं. मशीनमधून पावती मिळाली. पावतीवरचा गाडी नंबर, वेळ आणि कलम तिथेच उभं राहून वाचा, पुढे उपयोगी पडतं. फिल्म आम्ही तिथेच नखांनी सोलून काढली, वहिनीचं एक नख तुटलं.

मी माझं लायसन्स डिजिलॉकरवर दाखवलं आणि तिथून स्टिअरिंग माझ्या हातात आलं. कसाल ते चिपळूण दोनशेच्या आसपास किलोमीटर, आणि हा सगळा प्रकार आटपेपर्यंत दुपार कलली होती. मला सलग इतकं चालवायची सवय नाही. कणकवलीपर्यंत चौपदरी रस्ता, तिथे काही वाटलं नाही. पण अंधार पडल्यावर लांज्यापासून पुढे आणि संगमेश्वर-आरवलीच्या टप्प्यात जे झालं ते मी पुन्हा करणार नाही. मध्येच रस्ता उजवीकडे वळवलेला, मध्येच डावीकडे, समोरून येणारी वाहनं कुठल्या पट्ट्यात आहेत ते डोळ्यांवर लाइट आल्याशिवाय कळत नाही. एके ठिकाणी मातीच्या ढिगाच्या अलीकडे वीस फुटांवर ब्रेक लागला. माझ्या मते हा टप्पा दिवसाउजेडीच करा. परदेशी सवयीच्या माणसाला तर रात्री इथे स्टिअरिंगला हातही लावू देऊ नका, त्याच्याकडे खरी पुस्तिका असली तरी. तिकडे समोरून गाडी आली की लोक लाइट खाली करतात, इथे तशी अपेक्षा धरून चालवलं तर माणूस आंधळा होतो. आम्ही हातखंब्याला मुक्काम करायला हवा होता. मी हट्टाने निघाले कारण मला घरी जायचं होतं.

भाड्याची गाडी घेताना काय बघायचं ते आता मला पाठ झालं आहे. पाटीचा रंग. काचा. विमा आणि पीयूसीची तारीख, पीयूसी नसेल तर कायद्यात 10,000 पर्यंत दंड आहे. आणि महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून थकीत चलानं. आकडे आरसी बुकात असतात. तो स्क्रीनशॉट किल्ली घ्यायच्या आधीच काढून मालकालाच पाठवा, म्हणजे जुनं काय आणि तुमचं काय यावर पुढे वाद राहत नाही.

आम्ही तो काढला नव्हता. आज सकाळी गाडी परत दिली, तर मालकाने 15,000 मधले 6,000 हातावर ठेवले. लायसन्सचं त्याच्या नावावरचं चलान 5,000, काचांचं 500, आणि “बाकीची चलानं” 3,500. दादाच्या लायसन्सवर एक नजर न टाकता किल्ली दिली त्याने, तरी ते 5,000 आम्ही मान्य केले, कारण चालवणारे आम्ही होतो. काचांचे 500 त्याचेच होते, पण त्यावरून मी वाद घातला नाही. 3,500 मात्र मी सोडणार नाही. घरी येऊन संकेतस्थळावर पाहिलं, ती तिन्ही चलानं ऑक्टोबरमधली आहेत, पुण्याकडच्या रस्त्यांवरची. त्या तारखांना दादा इंग्लंडात होता, त्याच्या पासपोर्टवरचा शिक्का आहे. तारखांसकट स्क्रीनशॉट मालकाला पाठवला आहे, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. उद्या सकाळी नऊला मी त्याच्या दारात जाऊन उभी राहणार आहे, दादाची परतीची फ्लाइट बुधवारी आहे.