हे कुणाकडून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या गोव्यात, फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी प्रश्न ठरलेला: "मुलाचं हे कुणाकडून आलं? तुमच्याकडून, की तिच्या माहेराकडून?"

दोघांकडून. मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे, फुफ्फुसांत आणि पचनमार्गात घट्ट, चिकट स्राव साठण्याचा जन्मजात आजार. तो व्हायला सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडची, एक बापाकडची. माझ्याकडे एक होती, हिच्याकडे एक. दोघांनाही त्रास काहीच नाही, मग कळणार कसं? अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता. थोरली सुटली, धाकटा सापडला.

शास्त्र एवढंच. पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा "तिच्याकडून" हेच ऐकायचं असतं. मी ते कधी म्हटलं नाही. खोडूनही काढलं नाही. आत्या विषय काढायची, ही आत नारळ खवत असायची, आणि मी माटोळीला, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, सुपारीचा घोस बांधत राहायचो, जणू ती गाठ फार अवघड आहे. माझी चुप्पी हिला होकार वाटली. पाच वर्षं. आजारापेक्षा याचाच हिशेब मला जास्त द्यावा लागणार आहे.

घरातली कामं सवयीची होतात. सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, मग छाती-पाठ थापटून कफ सोडवणं, जेवताखाताना एन्झाइमच्या कॅप्सूल. घामावाटे मीठ फार जातं, म्हणून मे महिन्यात पेजेत वरून मीठ. कपाळाचा पापा घेतला की ओठ खारट होतात. हाताला सवय झाली, डोक्याला नाही. रात्री तो खोकला की मी मोजायचो. खोकला नाही, तर श्वास चालू आहे ना ते बघायला उठायचो. ऑफिसात बेरजा चुकायला लागल्या.

शेवटी मीच बांबोळीला गेलो. आमच्याकडे ही एक सोय आहे: मुलाला दाखवायचं मेडिकल कॉलेज बांबोळीला आणि मानसोपचाराची संस्थाही बांबोळीलाच. "बांबोळीला जाऊन येतो" म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. तिथे नैराश्य तपासायचा ९ प्रश्नांचा कागद मिळाला: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी होती, असे. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा होता. त्यावर पेन थांबलं, एवढंच सांगतो.

या आजाराच्या मुलांच्या पालकांची ९ देशांत पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. नैराश्याची लक्षणं ३७ टक्के आयांमध्ये आणि ३१ टक्के बापांमध्ये. चिंतेची त्याहून जास्त. त्यात भारत नव्हता, पण बापांचा आकडा वाचून मला बरं वाटलं. लाज वाटण्यासारखं बरं. २०१६ पासून तर या आजाराचे युरोप-अमेरिकेतले तज्ज्ञ म्हणतात की १२ वर्षांवरच्या रुग्णांची दर वर्षी अशी तपासणी करावी आणि आई-वडिलांनाही ती देऊ करावी. आम्हाला कुणी देऊ केली नव्हती. माझा कागद बघून हिने स्वतःच मागितली. तिचे गुण माझ्याहून जास्त निघाले, म्हणजे त्रासही जास्त.

थोरलीचं मात्र आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला सर्दी झाली की ती बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीवर, जाऊन तोंडावर उशी धरून खोकायची. भावाला लागेल म्हणून असेल, पण मुख्य म्हणजे खोकल्याचा आवाज आला की आम्हा दोघांचे चेहरे कसे होतात ते तिने पाहिलं होतं. नऊ वर्षांची पोर.

यंदा चवथीला आत्याने पुन्हा विचारलं. मी माटोळी सोडून आत गेलो आणि हिच्यासमोर मोठ्याने सांगितलं, "अर्धं माझ्याकडून आलंय, आत्या." ही काही बोलली नाही. खवलेलं खोबरं माझ्यापुढे सरकवलं, नेवऱ्यांच्या सारणात घालायला.

परवा जेवताना थोरलीला ठसका लागला. मी अर्धा उठलो होतो. ती पानावर बसूनच खोकली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "बाबा, बसा."